गोळी तिथेच का जात नाही?

नंदुरबार जिल्ह्यातला एखादा एनसीसी कॅडेट चांदमारीहून परततो, तेव्हा त्याच्या हातातल्या दोन कागदांत एक कोडं असतं. पहिल्या टार्गेटवरची पाच छिद्रं इतकी जवळजवळ, की दहा रुपयांचं नाणं ठेवलं तर सगळी झाकली जावीत. दुसऱ्यावर तशीच पाच छिद्रं तळहाताएवढी पसरलेली. रायफल तीच, पॉइंट टू टू. काडतुसं एकाच डब्यातली. अंतर तेच, 25 यार्ड. झोपून, कोपर टेकवून, श्वास रोखून त्यानं नेम धरला तोही त्याच्या मते अगदी सारखाच. मग मधल्या पंधरा मिनिटांत बदललं काय?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. उस्ताद म्हणतात, ट्रिगर झटकलास. पोरं म्हणतात, रायफलच खराब आहे. दोन्ही उत्तरं कधीकधी खरी असतात. पण या लहानशा रायफलीच्या पोटात काय काय घडतं ते समजून घेतलं, की प्रश्नच उलटा होतो. गोळ्या विखुरल्या कशा, याचं नवल वाटेनासं होतं. त्या कधीतरी एकाच जागी जातात कशा, याचं वाटू लागतं.

आधी मापं बघू. ऑलिंपिकमध्ये हीच पॉइंट टू टू रायफल 50 मीटरांवरून चालवतात. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि गोळीची जाडी 5.6 मिलिमीटर. स्पर्धेच्या रायफलीची नळी साधारण 65 सेंटिमीटर लांब धरा. या नळीचं पुढचं टोक माणसाच्या केसाच्या जाडीइतकं, म्हणजे मिलिमीटरच्या सातशतांश भागाइतकं बाजूला सरकलं, तर 50 मीटरांवर गोळी पाच मिलिमीटरांहून जास्त सरकते. दस्त्याचा एक स्क्रू किंचित सैल असणं, गालाचा दाब थोडा कमीजास्त होणं, नळीची एक बाजू उन्हानं तापणं, यातलं काहीही एका केसाची जाडी सहज खाऊन टाकतं.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. नेमबाजीच्या लढती पॅरिसपासून दूर, शातोरू इथे झाल्या होत्या. अंतिम फेरीत त्याचे गुण होते 451.4, आणि तिसऱ्या क्रमांकावर थांबेपर्यंत त्यानं 44 गोळ्या झाडल्या होत्या. सरासरी गोळीमागे 10.26 गुण. या गुणांचं अंतरात रूपांतर केलं, तर मध्यबिंदूपासून साधारण साडेपाच मिलिमीटर. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, 50 मीटरांवरून, जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा सुरू असताना त्याची गोळी सरासरीनं चुकली ती स्वतःच्या जाडीएवढीच! आणि पात्रता फेरीत काय झालं तेही सांगायला हवं. स्वप्निलचे 590 गुण झाले आणि तो सातवा येऊन अंतिम फेरीत गेला. सातपुड्याच्या पलीकडच्या खरगोन जिल्ह्यातल्या ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरचे 589 झाले आणि तो अकरावा राहून बाहेर पडला. साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक.

एवढ्या बारीक दुनियेत वावरणाऱ्या माणसांना ‘रायफल कधी नीट मारते, कधी नाही’ ही तक्रार फार ओळखीची असते. ती सोडवायची त्यांची पद्धत मला कुठल्याही चांगल्या वैद्याच्या तपासणीइतकी सुंदर वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे बिघाड खरंच झाला आहे का, हे पाहायचं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण निम्म्या तक्रारी इथेच विरघळतात असं मला वाटतं. रायफल, काडतुसं, नेमबाज, हवा यांत काहीही बदललं नाही तरी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडणारे छिद्रांचे पुंजके, एकसारखे येत नाहीत. योगायोगाचा स्वतःचा एक पसारा असतो. एकाच रायफलीचे पाच गोळ्यांचे वीस ग्रुप ओळीनं मांडले, तर त्यांतल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या ग्रुपमध्ये दुप्पट-अडीचपट फरक सहज दिसतो. त्यामागे कुणाचा दोष नसतो. शिवाय गोळ्यांची संख्या वाढली की ग्रुपही वाढतो. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक सेंटिमीटरचा येत असेल, तर त्याच रायफलीचा पाच गोळ्यांचा सव्वा सेंटिमीटरचा आणि दहा गोळ्यांचा दीडहून थोडा मोठा येणार. काल तीन गोळ्या झाडल्या, आज दहा झाडल्या आणि ‘आज रायफल बिघडली’ असं म्हटलं, तर बिघाड हिशेबात आहे. त्यातही माणूस सगळ्यात छान ग्रुपचा कागद घरी नेऊन भिंतीला लावतो आणि पुढे कायम त्या एका दिवसाशी तुलना करत राहतो. खरी रायफल भिंतीवरच्या कागदात नसते, फेकून दिलेल्या कागदांसकट सगळ्या कागदांच्या सरासरीत असते.

तेवढं करूनही पसारा वाढलेलाच दिसला, की छिद्रं वाचायची. ग्रुप किती मोठा यापेक्षा तो कसा पसरला आहे, हे जास्त बोलकं असतं. छिद्रं उभ्या रेषेत पसरली असतील, तर संशय काडतुसांच्या वेगावर किंवा श्वासावर जातो. आडवी पसरली असतील, तर वाऱ्यावर किंवा ट्रिगर एका बाजूला ओढणाऱ्या बोटावर. छिद्रांचे दोन वेगळे घोळके पडले, तीन इथे आणि दोन तिथे, तर रायफलीत काहीतरी सैल आहे आणि दर झटक्याला ते दोनपैकी एका जागी जाऊन बसतं आहे, असा अर्थ बहुतेक वेळा निघतो. तो सैल भाग साइटचा असेल, किंवा लोखंडी भाग लाकडी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचा. गोळ्या एकामागून एक एकाच दिशेनं सरकत गेल्या, तर नळी तापते आहे आणि तापताना ती कुठेतरी दस्त्याला टेकते आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं. जूनमध्ये नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागद सरकत होता, तो ऑगस्टमध्ये सरकेल याची खात्री नसते. म्हणून स्पर्धेतले नेमबाज दस्त्याचे ते स्क्रू टॉर्क रेंचनं, दर वेळी ठरलेल्या जोरानंच आवळतात.

स्क्रूंनंतर नळीचं तोंड. इथे एका डॉक्टरची आठवण काढावीच लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मिलफर्ड नावाचं गाव आहे. तिथे फ्रँकलिन मान नावाचे डॉक्टर होते. एकाच बंदुकीतून सुटलेल्या दोन गोळ्या दोन जागी का जातात, या एका प्रश्नानं त्यांना आयुष्यभर झपाटलं होतं. माणसाचा हात हिशेबातून पूर्ण वगळायचा म्हणून त्यांनी काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला, त्यावर नुसती नळी बसवायची सोय केली आणि गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागद टांगले. गोळी कुठून गेली आणि जाताना कलली होती का, ते त्या कागदांवरच्या छिद्रांवरून वाचता यायचं. मग त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवायला सुरुवात केली. काहींची टोकं चेचली, काहींच्या बुडाला खाच पाडली. निष्कर्ष असा, की टोक विद्रूप झालं तरी गोळी जवळपास ठरल्या जागी जाते. बुडाला जरासा धक्का लागला, की ती भरकटते. 1909 मध्ये त्यांनी हे सगळं ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या पुस्तकात मांडलं.

बूडच का, याचं कारण कळलं की नळीच्या तोंडाकडे बघायची नजर बदलते. नळीतून बाहेर पडताना गोळीचा सगळ्यात शेवटी सुटणारा भाग म्हणजे तिचं बूड. त्या क्षणी मागचा तापलेला वायू सगळीकडून एकदम निसटला, तर गोळी सरळ जाते. तोंडाची कड एका जागी झिजलेली असेल, तर तिथून वायू आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला एका बाजूनं ढकलतो. बुडाला खाच असली तरी हेच. हा सगळा प्रसंग सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजायचा, पण त्याची शिक्षा गोळी पुढे 50 मीटरभर भोगते. कॅडेट फायरिंगनंतर पुलथ्रूच्या दोरीला चिंधी अडकवून नळी ओढून साफ करतात. ती दोरी रोज तिरकी, तोंडाच्या एकाच कडेला घासत ओढली, तर वर्षानुवर्षांत पोलादसुद्धा झिजतं. शेकडो हातांतून गेलेल्या जुन्या रायफलींचा दोष अनेकदा इथेच सापडतो. तो भिंगातून दिसतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

साफसफाईचं आणखी एक गूढ आहे. पॉइंट टू टूची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखं वंगण लावलेलं असतं. पहिल्या काही गोळ्या नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर, म्हणजे आट्यांवर, त्या वंगणाचा पातळ थर चढवतात आणि पुढच्या गोळ्या त्या थरावरून घसरत जातात. नळी लखलखीत साफ केली की थर गेला. म्हणून साफ केल्यावरच्या पहिल्या काही गोळ्या हमखास दुसरीकडे जातात. काडतुसांची कंपनी बदलली, तर आधीच्या वंगणावर नवं वंगण बसेपर्यंतही तसंच. ज्यानं मन लावून रायफल पुसली, त्याच्याच गोळ्या सुरुवातीला विखुरतात. दुसऱ्या टोकाला, कधीच साफ न केलेल्या रायफलीत काडतूस जिथे बसतं तिथे जळकटाचं कडक कडं जमतं, ते गोळीला नळीत शिरतानाच वेडंवाकडं दाबतं. मधला मार्ग प्रत्येक रायफलीचा वेगळा असतो आणि तो वहीत नोंदी ठेवूनच कळतो.

आता काडतूस. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलं आहे आणि त्याची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. मोठ्या काडतुसांत ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मधोमध असते. इथे तशी वेगळी टोपीच नाही. पितळी नळकांड्याच्या बुडाशी बाहेर आलेली जी कड असते, ती आतून पोकळ असते. ठिणगीचं मिश्रण ओलं असताना नळकांडं गरगर फिरवून ते त्या पोकळीत पसरवतात. मिश्रण सगळीकडे सारखं पसरलं तर उत्तम. एका बाजूला कमी पसरलं आणि रायफलीची पिन नेमकी तिथेच आदळली, तर ते जरा मंद पेट घेतं. आतली दारू एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. इतक्या थोडक्या दारूत चार दाणे इकडेतिकडे झाले, तरी गोळीचा वेग बदलतो.

वेग बदलला तर काय होतं, त्याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानानं होतो. स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण 328 मीटर वेगानं सुटते आणि 50 मीटर जायला तिला सेकंदाचे सोळाशतांश भाग लागतात. तेवढ्या वेळात ती 12 सेंटिमीटर खाली येते. नेम धरताना साइट तेवढी वर लावलेलीच असते. पण एखादी गोळी सेकंदाला फक्त पाच मीटरनं मंद निघाली, तर ती आणखी साडेतीन ते चार मिलिमीटर खाली लागते. अंतिम फेरीत गुणाचा दहावा भाग म्हणजे 0.8 मिलिमीटर. म्हणजे नेमबाजानं काहीही न चुकवता त्याचा जवळजवळ अर्धा गुण गेला! उभ्या रेषेत पसरलेली छिद्रं काडतुसाकडे बोट दाखवतात ती यामुळे.

पण इथेच एक अशी गोष्ट येते, की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. काडतूस पेटतं तेव्हा नळी थरथरते. तिचं तोंड वरखाली हलतं आणि गोळी नळीत असते त्या सेकंदाच्या तीनशे-चारशेव्या भागातच हे सुरू झालेलं असतं. आर्नल्फ मॅलॉक या इंग्लिश संशोधकानं रायफलीच्या नळीच्या या कंपनांवर 1901 मध्येच रॉयल सोसायटीत निबंध सादर केला होता. आता कल्पना करा, की नळीचं तोंड वर जात असतानाच गोळ्या बाहेर पडतात. वेगवान गोळी आधी सुटते, तेव्हा तोंड किंचित खाली रोखलेलं असतं. मंद गोळी जरा उशिरा सुटते, तोवर तोंड किंचित वर गेलेलं असतं. मंद गोळी जास्त खाली पडणार होती, पण ती सुटलीच वरच्या दिशेनं. ठरावीक अंतरावर दोघी एकाच छिद्रात जातात. एका दोषानं दुसऱ्या दोषाची भरपाई केली. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक वर्षं दिसणारी ली-एनफिल्ड रायफल याच गुणासाठी लांब पल्ल्याच्या नेमबाजांत नावाजलेली होती. आजच्या स्पर्धेच्या काही रायफलींवर नळीच्या तोंडाशी पुढेमागे सरकवता येणारं लहानसं वजन बसवतात. नळीचं थरथरणं आणि काडतुसाचा वेग यांचा मेळ बसावा, एवढ्याचसाठी.

नंदुरबारच्या वाचकाला हा मेळ अगदी अनोळखी नाही. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांतला भिल्लांचा तीरकामठा याच नियमावर चालतो. बांबूचा कामठा, त्याला बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी. दोरी सुटते तेव्हा तीर सरळ जात नाही. मागून एकदम ढकलला गेल्यामुळे तो वाकतो, कामठ्याला वळसा घालतो, उलटा वाकतो आणि तसाच लवत-लवत पुढे जातो. 1930 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे चित्रित केलं, तेव्हा जगाला ते स्पष्ट दिसलं. तीर फार ताठ असला तर वळसा न घेता एका बाजूला जातो, फार लवचीक असला तर दुसऱ्या बाजूला. कामठ्याच्या जोराला शोभेल इतकाच ताठ तीर हवा. चांगला तीर किंवा चांगला कामठा असं सुटं काही नसतंच, जोडी चांगली असते. रायफल आणि काडतूस यांनाही हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

म्हणून जगभरचे मोठे नेमबाज काडतुसं नुसती विकत घेत नाहीत, निवडतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एलीच्या आणि जर्मनीत श्योनेबेकला लापुआच्या कारखान्यात यासाठी खास रेंज आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो. ती लोखंडी चौकटीत घट्ट आवळतात, म्हणजे हाताचा संबंध संपला. मग एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट त्यातून झाडून बघतात. लॉट म्हणजे एका सलग घाण्यातलं उत्पादन, त्याचा नंबर डब्यावर छापलेला असतो. एक लॉट या रायफलीतून नाण्याएवढा ग्रुप देतो, शेजारचा लॉट त्याच्या दीडपट. आणि नवलाची गोष्ट अशी, की त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलीत हा क्रम उलटा होऊ शकतो. आवडता लॉट सापडला, की नेमबाज पुढच्या हंगामाला पुरतील इतके डबे त्याच नंबरचे उचलतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. तिथवर पोहोचायला हात आणि नजर तर लागतेच, पण प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखंच वागावं लागतं.

आपल्या कॅडेटला मिळतात ती सरावाची काडतुसं. त्यातून एक वेगळाच पेच उभा राहतो आणि त्याचं नातं थेट खानदेशच्या हवेशी आहे. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं. सातपुड्यात थंडीच्या सकाळी पारा 10 अंशांवर असतो तेव्हा आवाज सेकंदाला 337 मीटर जातो. मे महिन्यात नंदुरबारला 42 अंश असताना 356 मीटर. आता हाय-व्हेलॉसिटी प्रकारचं काडतूस घ्या. त्याची गोळी सेकंदाला 380 मीटरच्या आसपास सुटते, म्हणजे आवाजाच्या पुढे. हवेच्या विरोधानं ती मंदावत जाते आणि वाटेत कुठेतरी आवाजाच्या वेगाची सीमा ओलांडून खाली येते. ही सीमा ओलांडताना गोळीवरचा दाब बदलतो आणि ती डगमगू शकते. मेच्या दुपारी ती सीमा नळीपासून पंचवीस-तीस मीटरांवरच येते, जानेवारीच्या सकाळी 50 मीटरांपाशी. रायफल तीच, डबा तोच, फक्त महिना बदलला. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाहून मंद ठेवतात, त्यामागचं एक कारण हे. भर उन्हात ठेवलेल्या डब्यातली दारू जास्त जोमानं पेटते, तो आणखी वेगळा मुद्दा. डबा सावलीत ठेवावा, आणि काडतूस तापलेल्या नळीत भरून नेम धरत मिनिटभर पडून राहू नये.

वाऱ्याबद्दल तर एक पूर्ण लेख लिहावा लागेल. ताशी 10 किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं हलतील एवढाच, 50 मीटरांवर पॉइंट टू टूची गोळी एका सेंटिमीटरहून जास्त सरकवतो. दहाच्या वर्तुळातून ती सरळ नऊच्या किंवा आठच्या घरात. वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकेल असं कुणालाही वाटेल. पण आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध इतका वाढतो, की हाय-व्हेलॉसिटीची गोळी लवकर पोहोचूनही मंद गोळीपेक्षा जास्त सरकते. शिवाय वारा तिला नुसता आडवा ढकलत नाही. आट्यांमुळे गोळी मिनिटाला 48 हजारांहून अधिक गिरक्या घेत असते, आणि फिरत्या भोवऱ्याला बाजूनं टिचकी मारली की तो जसा टिचकीच्या दिशेनं न कलता भलतीकडे कलतो, तशीच तीही वागते. उजवीकडे वळलेल्या आट्यांच्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडचा वारा लागला तर डावीकडे आणि थोडी वर जाते, डावीकडचा लागला तर उजवीकडे आणि थोडी खाली. वारा दोन्हीकडून आलटूनपालटून येत असेल, तर कागदावर एक तिरकी रेघ उमटते. ती रेघ दिसली, की रायफल उघडायची गरज नाही. झेंड्याकडे बघायचं.

वाऱ्याचं हे सरकवणं उंचीवरही अवलंबून असतं. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच आहे, नंदुरबार शहर त्याहून सुमारे नऊशे मीटर खाली. पठारावरची हवा जवळपास दहा टक्क्यांनी विरळ. तोच वारा तिथे त्याच गोळीला दहा टक्के कमी ढकलतो.

सगळ्यात शेवटी माणूस. त्याला मी शेवटी ठेवलं, कारण सगळे जण त्यालाच पहिला पकडतात. ट्रिगर सुटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्या वेळात खांदा सैल झाला तर छिद्र सरकतं. म्हणून आवाज झाल्यावरही नेम तसाच धरून ठेवायला शिकवतात. पट्टा दंडावर घट्ट बसला, की नाडीचा ठोका रायफलीत उतरतो आणि फोरसाइट ठोक्यागणिक हलताना दिसते. ढग आला तरी डोळ्यांना साइट आणि टार्गेटचा काळा भाग वेगळा दिसतो आणि छिद्रं वरखाली होतात. माणसाचा दोष ओळखायची चाचणी मात्र सगळ्यात स्वस्त आहे. तीच रायफल, तोच डबा दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हाती द्यायचा. त्याचाही ग्रुप तसाच पसरला तर शोध रायफलीत, नाही पसरला तर आपल्यात.

आणि शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू आवळला, नळी पुसली आणि काडतुसं बदलली, हे सगळं एकदम केलं आणि ग्रुप सुधारला, तर कशानं सुधारला ते कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी दोष परत आला, की पुन्हा अंधार. दोन लॉट पडताळायचे असतील तर पहाटे वारा पडलेला असताना बसावं, आधी त्याच काडतुसांच्या काही गोळ्या नळीला वंगण लागेपर्यंत सोडून द्याव्यात, आणि मग पाच या लॉटच्या, पाच त्या लॉटच्या, असं आलटूनपालटून प्रत्येकी वीस गोळ्यांपर्यंत जावं. लॉट बदलला की दर वेळी एकदोन गोळ्या बाजूच्या कागदावर. म्हणजे नळी तापली, ऊन चढलं, हात थकला, तरी त्याचा भार दोन्ही लॉटवर सारखा पडतो. शेवटी प्रत्येक लॉटचे चारही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरावेत आणि वीस छिद्रांचा पसारा पट्टीनं मोजावा. वहीत तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा, रायफलीचा नंबर आणि डब्यावरचा लॉट नंबर, एवढं लिहिलं की पुढच्या चांदमारीला सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं असतं.